रातराणी, टाइल्स आणि कारंजं

दिव्यांग मुलांसाठी बाग करायची म्हटलं की विश्वस्तांच्या यादीत पहिलं नाव रातराणीचं असतं. शाळा सुटते संध्याकाळी पाचला, रातराणी दरवळू लागते अंधार पडल्यावर. म्हणजे तिचा वास फक्त वॉचमनला! हे मी हसत सांगते, पण मग यादी पुढे सरकते: मोगरा, अनंत, सोनचाफा, सगळं एकाच कोपऱ्यात, शिवाय घंटा आणि कारंजं. पाचही इंद्रियांना एकदम ताट वाढायचं, ही ‘सेन्सरी गार्डन’ची लोकांची कल्पना.

लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून माझी सुरुवात उलट टोकाकडून होते. इथे कुणाला काय नको असेल, आणि ते टाळायला त्याला वाट आहे का? म्हणून फुलांपेक्षा मला पानांचा वास जवळचा. मरवा, तुळस, गवती चहा, पानओवा गप्प असतात. पान चुरडलं तरच वास येतो, हात काढला की विषय संपला. पानओव्याचं पान मऊ, लवदार. शेजारी पारिजातक लावावा, त्याचं पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत. फुलांआधी मुलं तेच शोधतात.

झाडांबद्दल एक तक्रार नोंदवतेच. पाणी कमी लागतं आणि शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कण्हेर आणि बिट्टी सगळीकडे लावतात. शेळी का तोंड लावत नाही, हे कुणी विचारत नाही. दोन्ही झाडं विषारी आहेत. जिथे मुलांनी हात लावणं, चाखणं अपेक्षितच आहे, तिथे ती नकोत. रुईही नको, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

आता टाइल्स. संपादकांनी ‘तांत्रिक नको’ असं बजावलंय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिवळ्या उठावदार टाइल्स जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. एवढीच भाषा. आपल्याकडे कंत्राटदार ठिपके जास्त शोभतात म्हणून वाटभर ठिपकेच बसवतो. म्हणजे प्रत्येक पावलाला ‘थांब’. पिवळा रंगही शोभेचा नाही. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी तो आहे, पण ग्रॅनाइटला मॅच होत नाही म्हणून टाइल्स करड्या मागवल्या जातात. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळे मोजलेत. हे कंत्राटात कोण वाचतो?

बागेत तर माझं मत आणखी कडवट आहे. इथे मधोमध टाइल्स नकोतच. व्हीलचेअरला त्या धक्के देतात, पाय घासत चालणारे आजोबा अडखळतात. वाटेच्या एका कडेला सलग उंच कठडा ठेवा. पांढरी काठी त्याला टेकवत माणूस बिनघोर चालतो. ठिपके फक्त पायरीआधी आणि पाण्याआधी. यावर माझे काही सहकारी चिडतात, नियमावलीवर बोट ठेवतात. ठेवू देत. नियमावली रस्त्यासाठी लिहिताना लेखकाच्या डोळ्यासमोर बाग नव्हती, असं मला वाटतं. अर्थात उद्‌घाटनाला डोळ्यांवर पट्टी बांधून चालणाऱ्या पाहुण्यांना पिवळ्या टाइल्सच लागतात. कठड्याचा फोटो चांगला येत नाही.

एका विशेष शाळेच्या अंगणाचं काम सध्या डोक्यातून जात नाही. टाइल्स समितीच्या हट्टाने बसल्या, कारंजंही. अंध मुलं त्या आवाजावरून डावीकडचं वळण ओळखायला शिकली. पण एका स्वमग्न मुलाला तोच आवाज असह्य होतो, तो कान गच्च झाकून वाटेतच बसतो. “मॅडम, पंप बंद करा ना,” त्याची आई म्हणते. “मग आमच्या पोरांनी वळायचं कुठे?” हे अंध मुलांचे सर. दोघांचंही खरं आहे. ‘सर्वांसाठी बाग’ अशी पाटी मात्र शाळेने फाटकावर लावून टाकली आहे.

वेळा वाटून घ्या, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. पण मधली सुट्टी एकच. माझं म्हणणं, कारंजं काढून भिंतीवरून पाण्याची बारीक धार सोडू, वळणापाशी फरशी बदलू म्हणजे ते पायाला कळेल, आणि मागच्या आंब्याखाली आडोसा करून त्या मुलाला बसायला जागा देऊ. आराखडा तयार आहे. समिती म्हणते, पैसे टाइल्समध्ये संपले.