डोंगरातली खोली आणि एक किल्ली

मैत्रिणींनो, माझ्या शिवणाच्या डब्यात एक लहानशी पितळी किल्ली आहे. घरातल्या कुठल्याच कुलपाला ती लागत नाही. दर दिवाळीच्या आवराआवरीत सुना विचारतात, "आई, ही टाकू का?" आणि दर वेळी मी म्हणते, "राहू दे." यंदा धाकटीने अडवूनच धरलं, की आहे तरी कशाची ही? तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते.

1983 सालची गोष्ट. आम्ही वर्ध्याला राहत होतो. शेजारी एक नर्सबाई राहायच्या. ख्रिस्ती, एकट्या, पन्नाशीच्या पुढच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. पोर तापलं की आधी मावशींकडे, मग डॉक्टरकडे, अशी आमची रीत. त्यांच्या चर्चमधल्या बायकांच्या मनात आलं, की कुठल्या तरी आडगावी लहान मुलांसाठी एक खोली बांधावी. मुलांनी यावं, खेळावं, दोन घास खावेत, आजाऱ्याला औषध मिळावं. मावशींनी आमच्या महिला मंडळालाही त्यात ओढलं. त्या बायकांनी नाताळात करंज्या-शंकरपाळे विकले, आम्ही उन्हाळ्यात पापड-कुरडया. दीड वर्ष पैसा पैसा साठवला.

वर्धा जिल्हा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सेवाग्राम येईल, पवनार येईल, कापसाची सपाट काळी शेतं येतील. पण उत्तरेला, आर्वी-कारंजाच्या बाजूला, सातपुड्याच्या फांद्या आमच्या जिल्ह्यात उतरल्या आहेत. सागाचं रान, नाले, आणि डोंगराच्या कुशीत गोंडांच्या वस्त्या. त्यातलंच एक गाव आम्ही धरलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात चूक गावाची नाही. एस.टी. कारंजापर्यंत जायची, पुढे आणखी एका फाट्यापर्यंत, आणि मग दीड तास पायी.

गावाने नाल्यातली रेती आणून दिली, आम्ही विटा नि कवेलू नेले. बारा बाय पंधराची खोली झाली, चुन्याने पांढरीशुभ्र. उद्घाटनाला मी नारळ फोडला आणि मावशींनी डोळे मिटून प्रार्थना केली. झालं! तालुक्याच्या गावी लगेच चर्चा, "नर्सबाई बाटवायला आल्या." आणि गंमत अशी, की मावशींच्या मंडळीतले काही वडीलधारे त्यांनाच विचारत होते, "बाई, एवढा खर्च केला, पण प्रभूचं नाव कितींनी घेतलं?" मावशी दोन्हीकडे सारखंच हसायच्या.

आठवड्यातून चार दिवस मी गावी मुक्काम करायची. खोलीत वीस पाट्या होत्या, लाकडी ठोकळे होते, डाळ-तांदळाचा डबा होता, औषधाची पेटी होती, वजनाचा ताजवा होता. एवढी मालमत्ता! म्हणून मी वर्ध्याच्या बाजारातून चांगलं पितळी कुलूप घेतलं. सकाळी नऊला उघडायची, बाराला बंद करायची. नियम कागदावर लिहून भिंतीला लावला. वय वर्षे तीन ते सहा. वाचणार कोण, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

पहिल्या आठवड्यात बावीस मुलं आली. दुसऱ्यात नऊ. महिना संपता संपता चार, आणि चारही मुलगे.

आता खरी गोष्ट सांगते. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी दारात उभी राहिली. सहा वर्षांची असेल-नसेल. कडेवर भाऊ, नऊ-दहा महिन्यांचा, नाकाला शेंबूड. मी म्हटलं, "तू ये बाळ, याला घरी ठेवून ये." ती काही बोलली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बराच वेळ आतले ठोकळे पाहत राहिली, मग भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गेली. मला वाटलं, ठेवून येईल. ठेवणार कुठे? आई रानात मोहफुलं वेचायला, बाप मजुरीला. गावातल्या सगळ्याच मुलींच्या कडेवर कोणी ना कोणी होतं, हे मी डोळ्यांनी रोज पाहत होते, आणि तरी नियमावर बोट ठेवून त्या सगळ्यांना मी परत पाठवलं. दोन पोरांची आई होते हो मी! पण माझी पोरं वर्ध्याला सासूबाई सांभाळत होत्या, म्हणून तर मी समाजसेवेला मोकळी होते.

बाराला मी कुलूप लावत होते, तेव्हा गावची म्हातारी सुईण समोरच्या मोहाखाली बसली होती. म्हणाली, "बाई, कुलूप कायले लावतं व?"

"सामान आहे ना आजी आत."

"मंग त हे सामानाचं घर हाये. आमाले वाटलं पोट्ट्याइचं हाये."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? दीड वर्षं पापड लाटले ते हे ऐकायला का? शनिवारी वर्ध्याला परतल्यावर मावशींपुढे सगळं भडाभडा बोलले. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला शामराव हिवाळ्यांचं करंजिया माहीत आहे का?" मी म्हटलं, कारंजाच ना आपलं? म्हणाल्या, "अगं ते नव्हे."

ते करंजिया मध्य प्रदेशात, मैकल डोंगरात, नर्मदा जिथे उगम पावते त्या अमरकंटकाजवळ. तेव्हा मंडला जिल्हा होता, आता दिंडोरी. पण त्या गोष्टीचा एक धागा आपल्या वर्ध्याशी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. शामराव हिवाळे मराठी ख्रिस्ती. पुण्याला ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम होता, जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यांनी काढलेला. तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलं असेलच. त्यातले रेव्हरंड टिळक म्हणजे विन्स्लोंचं मोठं श्रद्धास्थान, त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्रही लिहिलं. या आश्रमात 1927 साली ऑक्सफर्डला शिकलेला एक तरुण पाद्री आला, व्हेरिअर एल्विन. वडील बिशप होते. आला मिशनरी म्हणून आणि 1928 च्या सुरुवातीला साबरमतीला जाऊन गांधीजींचाच होऊन बसला. त्याची नि शामरावांची जोडी जमली ती जन्मभराची.

गरिबांत जाऊन राहायचं तर कुठे, असा प्रश्न पडला तेव्हा गोंडांकडे जा असं सुचवलं ते वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. तिकडे कोणीच जात नाही, म्हणून. पण पाद्र्याला बिशपांचा परवाना लागतो. नागपूरचे बिशप देईनात. हा गांधींचा माणूस, सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत नाही, आणि धर्मांतर करायचंही मनात नाही! तर हे दोघे परवान्याशिवायच गेले. जानेवारी 1932 मध्ये, गांधीजींना मुंबईला अटक झाली त्याच महिन्यात. करंजियाजवळच्या टिकेरी टोला नावाच्या टेकाडावर मातीच्या भिंती नि गवताचं छप्पर घालून आश्रम उभा केला, संत फ्रान्सिसच्या नावाने. शाळा काढली, दवाखाना काढला, पुढे महारोग्यांसाठी घर काढलं, आसपासच्या खेड्यांतही शाळा काढल्या. एल्विन 'बडाभाई' आणि शामराव 'छोटाभाई'. औषधपाणी मुख्यतः शामरावांकडे. रोगी, पोरं, भांडणं घेऊन येणारे, नुसते बघायला येणारे, दिवसभर राबता. 1935 साली तर एल्विननी चर्चच सोडलं.

मावशी म्हणाल्या, "त्यांनी तिथे पोरांची घरं बांधली. आणि पुढे बस्तरात गेले तर काय पाहिलं? पोरांचं घर तिथे आधीपासूनच आहे!" मुरिया गोंडांचं घोटुल ते. गावातली मुलंमुली संध्याकाळी तिथे जमतात, नाचतात, गातात, झाडलोट, लाकूडफाटा सगळं त्यांचं तेच वाटून घेतात. त्यांचेच नायक, त्यांचेच नियम. मोठी माणसं आत लुडबुड करत नाहीत. एल्विननी 1947 साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातल्या तरुण मुलामुलींच्या गोष्टींवरच लोकांनी चवीने चर्चा केली, ते जाऊ द्या. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की गोंडांना मुलांचं घर काय असतं हे शिकवायला मी वर्ध्याहून कुलूप घेऊन गेले होते.

मावशींनी मला शामरावांचं 1946 चं पुस्तक दिलं, 'स्कॉलर जिप्सी', एल्विनवरचं. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश घेऊन रात्री वाचायची. नंतर एल्विनचं आत्मचरित्रही मिळवलं, 1964 साली ते वारले त्याच वर्षी निघालेलं. मोठा माणूस, पद्मभूषण वगैरे सगळं खरं. पण बायकांच्या साप्ताहिकात लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणं मला जमायचं नाही. 1940 साली त्यांनी कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्याच राइटवारच्या शाळेतली विद्यार्थिनी. मुलगा झाला. 1949 साली कलकत्त्याच्या हायकोर्टात घटस्फोट झाला, तोही एकतर्फी. आत्मचरित्रात तिचा उल्लेख अगदी थोडक्यात उरकला आहे, आणि ती मात्र त्याच मुलखात राहिली. ज्याने एवढे ग्रंथ लिहिले त्याला हिच्यासाठी शब्द सापडू नयेत? मावशींना मी हे बोलून दाखवलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून मी तुला शामरावांचं नाव आधी सांगितलं."

खरंच आहे ते. एल्विन पुढे ईशान्येला गेले, शिलाँगला स्थायिक झाले, सरकारचे सल्लागार झाले. शामराव त्याच डोंगरात, पाटनगढला राहिले. तिथल्या परधानांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, गोंडांची गाणी दोघांनी मिळून गोळा केली. आज गोंड चित्रकला म्हणून जी तुम्ही साड्यांवर नि भिंतींवर बघता, तिचे जनगढसिंह श्याम याच पाटनगढचे.

सोमवारी मी परत गेले. सुइणीच्या पाया वगैरे पडले नाही, तेवढा नाटकीपणा माझ्यात नाही. दार उघडलं आणि कुलूप पिशवीत टाकलं. माझी एक जुनी नऊवारी आणली होती, तिच्या दोन झोळ्या करून आढ्याला टांगल्या. (ज्यांना लहान मुलांचं काही करायचं असेल त्यांनी लक्षात ठेवा: झोळीला सुती, धुवून मऊ झालेलं लुगडंच घ्यावं, नायलॉनची गाठ सुटते.) म्हातारीला म्हटलं, "आजी, झोका द्यायला बसता का?" ती बसली. पण फुकट नाही, रोज मूठभर तांदूळ ठरवून घेतला. मला ते फार आवडलं. चार-पाच दिवसांत मुली आल्या, कडेवरच्यांसकट. सुकडी मुलं खात नव्हती, तर ज्वारीची आंबील सुरू केली. ती आयांनीच करून दाखवली. तीन पाट्या गेल्या, परत आल्या नाहीत. ताजव्याचं एक पारडं गेलं, ते एका घरी मोहफुलं मोजायला वापरात असलेलं दिसलं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. तीन वर्षांनी आमच्यांची बदली झाली. पुढे गावात सरकारी अंगणवाडी आली, खोलीत खताची पोती ठेवली जाऊ लागली. मावशीही गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला त्या डोंगरातली सातजणं दीड तास चालून, दोन एस.टी. बदलून आली होती. त्यातला एकही बाटलेला नव्हता.

आणि ती मुलगी? ती तिसऱ्या आठवड्यात आली. भावाला झोळीत टाकायची आणि ठोकळ्यांवर तुटून पडायची. जवळजवळ आठ महिने रोज आली. दुसरीनंतर शाळा सुटली, लग्न झालं.

दोन वर्षांपूर्वी कारंजाच्या बसस्टँडवर एका बाईने माझा हात धरला. केस पांढरे व्हायला लागलेले, बरोबर नातू. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं कोण ती. मला भरून आलं. म्हटलं, "अगं, तू ठोकळ्यांचा केवढा उंच मनोरा करायचीस, आठवतं का?"

"ते नाही आठवत जी," ती म्हणाली. "तुमी मले दारातून परत धाडलं होतं, ते आठवते."

मी म्हटलं, "हो. धाडलं होतं."

ती हसली. भाऊ आता बुटीबोरीला कंपनीत आहे म्हणाली. मग तिने मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, पैसे काही मला देऊ दिले नाहीत, आणि माझी बस लागेपर्यंत नातवाला कडेवर घेऊन उभी राहिली.