लंबक चंद्रावर

आज पालमच्या शाळेत, माझ्या वर्गात, संगणकावर ‘फेट’चा लंबक चालवला. ‘फेट’ म्हणजे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेला आभासी प्रयोगांचा प्रकल्प. त्यातले कितीतरी प्रयोग मराठीतही आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. एकदा प्रयोग उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुलांसाठी हे मोलाचं.

दोरी लांबवली, आंदोलनकाळ वाढला. वस्तुमान दुप्पट केलं, काळ तसाच! मुलं चक्रावली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, चंद्रावर नेऊन बघा ना!” नेला. लंबक संथ झाला. आंदोलनकाळाचं सूत्र मी त्यानंतरच फळ्यावर लिहिलं.

पण खरी दोरी, खरं स्टॉपवॉच हातात हवंच. उद्या प्रयोगशाळेत तेच करायचंय.