शेवटची रांग

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी चक्क भांडलो. पंच्याहत्तरीच्या माणसाने अॅम्प्लिफायरवरून भांडावे, हे हिला अजिबात आवडले नाही.

झाले असे. घोडपदेवची आमची चाळ पडून टॉवर उभा राहिला, तेव्हा तळमजल्यावर एक हॉल मिळाला, तीस फूट लांब. पोरांनी वर्गणी काढून तिथे होम थिएटर बसवले. दर शनिवारी सिनेमा. पुढे लहान मुले आणि शेवटच्या रांगेत आम्ही म्हातारे, कारण आम्हाला पाठ टेकायला भिंत लागते. गाणी ऐकू यायची, मारामारी ऐकू यायची, संवाद मात्र कळायचे नाहीत. मी म्हटले, ८० वॅटच्या डब्यात दम नाही, १५० चा आणा. पाच हजार काढूनही दिले.

"सर, पैसे वाया जातील," माझाच एक जुना विद्यार्थी म्हणाला. तो साउंडची कामे करतो. मला राग आला. शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा ते मला कोणी शिकवू नये!

रात्री तो वही घेऊन घरी आला. मी मराठी-इतिहासवाला, पण त्याने नीट समजावले. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल हवेत, म्हणजे दहापट वॅट. उलट अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर ६ डेसिबल जातात. खोलीत भिंती त्यातले थोडे परत देतात. आपले स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतात. आमची रांग ८ मीटरवर, म्हणजे तिथे उरले ६९. पूर्ण ८० वॅट सोडले तर ८८. साधे बोलणे असते ६० च्या आसपास.

"मग कमी कुठे पडतंय?" मी विचारले.

कमी पडतच नव्हते. धमाक्यांच्या मानाने संवाद फार हळू असतात. ते ऐकू यावेत म्हणून आवाज चढवला की पुढची मुले कान झाकतात, आणि अॅम्प्लिफायर ताकदीबाहेर गेला की आवाज फाटतो, बारीक स्पीकर जळतो. खरेच जोर हवा असेल तर ९३ डेसिबलचे स्पीकर घ्यावेत. ते सहा डेसिबल म्हणजे चौपट वॅट घेतल्यासारखेच. फक्त ते ८ ओहमचे आहेत ना ते बघायचे. ४ ओहमचे असले तर दुप्पट करंट ओढतात, आणि रिसीव्हर तापतो.

मला एकदम गणपतीतला कर्णा आठवला. साठच्या दशकात गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवायचे. अॅम्प्लिफायर एवढासा, पण कर्ण्यातून सगळी गल्ली दणाणायची. तो हसला. "कर्ण्याला एका वॅटला शंभरच्या वर मिळतात, सर."

शेवटी त्याने नवे काहीच आणले नाही. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, त्याचाच आवाज रिमोटवरून थोडा वाढवला. शनिवारी आमच्या रांगेतले सगळे खूश. "आता कसं स्पष्ट येतंय!" मीही मान डोलावली. मला काही कळत नव्हते. आवाज येत होता, पण 'स' कुठला आणि 'फ' कुठला, पत्ता नाही.

सिनेमा संपल्यावर तो वायरी गुंडाळत होता. त्याला तेवढे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"सर, दहावीत तुम्ही मला पुटपुटतो म्हणून बाकावर उभं करायचात. मी चांगला मोठ्याने बोलायचो हो."

ती माझी निवृत्तीच्या आधीची बॅच. त्या दोन-तीन वर्षांत मी किती पोरांना 'मोठ्याने बोल' म्हणून उभे केले, ते आता आठवत बसलो आहे. काहींची तर नावेही आठवत नाहीत.

पाच हजार त्याने परत आणून दिले. मंगळवारी कान तपासायला जायचे आहे. तोच नेणार आहे, मोटरसायकलवरून. हिला अजून सांगितलेले नाही.