भागिले दोन

१५ सप्टेंबर २०२४, हॅरो
काल पोचले. पहाटे तीनला टक्क जाग. पाणी प्यायला उठले तर फ्रिजवर तक्ता चिकटवलेला: दोन रकाने, वर दोघी नातींची नावं, खाली शाळा, नोंदणीची शेवटची तारीख, नोंदणी फी भरली की नाही. लेकीच्या लग्नात मी आचारी-मांडव-भटजीची यादी केली होती, अगदी तशी.

संध्याकाळी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला गेलो. हे मंडळ १९३२ सालचं. प्रसादाच्या रांगेत पुढच्या दोघीजणी शिकवणीवाल्यांचे नंबर एकमेकींना देत होत्या. कऱ्हाडला चौथी स्कॉलरशिपच्या वर्षी बायका असंच बोलायच्या, आणि नंबर बहुतेक माझाच असायचा.

२९ सप्टेंबर
हळूहळू कळतंय. पोरी सहावीत, इथल्या भाषेत ‘इयर सिक्स’. पुढच्या सप्टेंबरला हायस्कूल. परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी ग्रामर शाळा इंग्लंडभरात १६३ उरल्यात, हॅरोत एकही नाही. म्हणून खाजगी. त्यांचीही परीक्षा असते: इंग्रजी, गणित आणि दोन प्रकारची बुद्धिमत्ता चाचणी. एका शाळेची कॉम्प्युटरवर आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि मागे जाऊन खोडता येत नाही. मार्क वयाप्रमाणे सारखे करून घेतात, म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं पोर सप्टेंबरवाल्याच्या मागे पडू नये. आमच्या दोघींत आठ मिनिटांचं अंतर. त्याचे कोण किती मार्क देणार!

थोरली पान वाचते आणि पान तिच्या डोक्यात बसतं. धाकटीला अक्षरं सातव्या वर्षी लागली. पाढे आजही बोटांवर.

मुलाचं म्हणणं, “आई, मधली एखादी शाळा बघू, दोघींना झेपेल अशी. सोडायला-आणायला एकच खेप, शिवाय दुसऱ्या मुलाला फीत सूट असते.” सून म्हणाली, “मधली म्हणजे दोघींनाही चुकीची.” मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

१३ ऑक्टोबर
आकृत्यांचा पेपर मी घ्यायचा ठरलं. पुस्तक उघडलं आणि हसूच आलं. तीच वेगळी आकृती ओळखा, तीच आरशातली प्रतिमा. एकतीस वर्षं जादा तासाला हेच केलं.

थोरलीचे वीसपैकी एकोणीस. धाकटीचे नऊ. सातव्या प्रश्नात पाच आकृत्या होत्या. उत्तरसूची म्हणते ‘क’ वेगळी, कारण तिला पाच बाजू, बाकीच्यांना चार किंवा सहा. धाकटीने ‘इ’ला खूण केली होती. मी लाल पेन टेकवलं तर म्हणाली, “आजी, बाकीच्यांची मधली रेघ बाहेर येते. हिची आतच राहते.” चष्मा पुसून पाहिलं. खरंच आतच राहत होती.

मार्क दिला नाही. परीक्षेत कोण देणार? पण पेन तसंच हातात राहिलं. एकतीस वर्षांत अशा किती रेघा मी फुलीखाली गाडल्या असतील, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही की बाळ, ‘इ’ का?

३१ ऑक्टोबर
नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंग, उटण्याचा वास सगळ्या घरात. आणि आजच सरकारी शाळांच्या अर्जाचा शेवटचा दिवस. लंडनमध्ये सहा शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप. जवळच्या शाळेला परीक्षा नाही. अंतर मोजतात, भावंड तिथे शिकत असेल तर तेही बघतात. खाजगीवाल्यांनी मात्र आधीच सांगून ठेवलंय, बहिणीला घेतलं म्हणून बहिणीला घेऊच असं नाही. चकली मोडून मुलगा म्हणाला, “ही नुसती सोय म्हणून भरतोय हं.” हे वाक्य तो तिसऱ्यांदा बोलला.

२४ नोव्हेंबर
सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या. एक धाकटीच्या गालाला हात लावून, “हिची कला चांगली असेल ना? असं असतं, एकीला अभ्यास, एकीला कला.” दुसरी म्हणाली, “स्वयंपाकाची आवड दिसते.”

नाही हो. तिची चित्रं चारचौघींसारखी आहेत. आवाजही साधाच. पोळी लाटायला दिली तर नकाशा करते. मार्क कमी मिळणाऱ्या पोराने दुसरीकडे कुठेतरी भरपाई करूनच दाखवली पाहिजे, हा हट्ट कुणाचा? मी शिक्षक असताना माझाही होता. ‘ड’ तुकडीच्या पालकांना मी हमखास सांगायची, “खेळात पुढे जाईल बघा.” त्यातली बहुतेक खेळातही पुढे गेली नाहीत. चांगली जगली मात्र. एकजण अजून दर दिवाळीला ऊस घेऊन येतो.

६ डिसेंबर
अर्ज दोन खाजगी शाळांचे भरलेत, थोरलीसाठी अवघड, धाकटीसाठी सोपी; परीक्षा दोघी दोन्हीकडे देतायत. आज अवघड शाळेचा पेपर झाला. फाटकाशी पोरींचा लोंढा, प्रत्येकीच्या हातात पारदर्शक कंपास. बाहेर येताना थोरलीला प्रश्न पाठ, धाकटीला एकही आठवत नव्हता.

रात्री धाकटी माझ्या पांघरुणात शिरली. बराच वेळ छताकडे बघून म्हणाली, “आजी, आमचे दोघींचे मार्क मिळवले आणि टू ने डिव्हाइड केले, तर दोघी पास होतो का?”

गणित बरोबर होतं. सरासरी तिला कुणी शिकवली होती कोण जाणे. मी म्हटलं, “असं करत नाहीत गं.” “का?” मला सांगता आलं नाही.

१ जानेवारी २०२५
आजपासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट. सगळा बोजा पालकांवर टाकला तर सात हजार पौंडांच्या टर्मचे आठ हजार चारशे. वर्षाला तीन टर्म, पोरी दोन: पन्नास हजार चारशे. रुपयांत हिशेब केला आणि कुणाला सांगायचा नाही असं ठरवलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सोप्या शाळेत मुलाखत. “काय वाचतेस?” विचारल्यावर धाकटीने सांगितलं म्हणे, “बहीण वाचते, मी ऐकते.” सून गाडीत रडली. मला उत्तर आवडलं. तिळगूळ दिला, विषय संपवला.

१४ फेब्रुवारी
ईमेल आल्या. थोरली दोन्हीकडे, सोप्या शाळेची छोटी स्कॉलरशिपसुद्धा. धाकटी अवघडमध्ये नाही, सोप्यामध्ये वेटिंग लिस्टवर. म्हणजे जी शाळा तिच्यासाठी शोधली, तिने थोरलीला पैसे देऊ केले.

मुलगा म्हणाला, “एकीवर एवढे घालायचे आणि दुसरीला फुकटच्या शाळेत? मोठेपणी काय म्हणेल?” सून गप्प. थोरलीने रात्रभर दार लावून घेतलं होतं. तिच्या आनंदाचं काय करायचं हे घरात कुणालाच सुचेना. हेही तिच्यावर अन्यायच.

१६ फेब्रुवारी
लेकीला फोन केला. मुलगा चौथीत स्कॉलरशिपमध्ये आला तेव्हा बांगड्या मोडून त्याला पुण्याला ठेवलं. तिला गावच्या हायस्कूलमध्ये. आज ती तालुक्यात स्वतःचं औषधांचं दुकान चालवते. मी विचारलं, “तुला तेव्हा राग आला होता का गं?”

“शाळेचा? छे. मैत्रिणी सगळ्या तिथेच होत्या.” मग थोडी थांबून म्हणाली, “दादाचा निकाल तू ओट्यावर उभं राहून वाचला होतास, पेढे वाटले होतेस. माझा निकाल तुझ्या पिशवीतच राहिला. मी दोन दिवस वाट बघितली. मग तुझ्या पिशवीतून काढून मीच वाचला.”

मला पेढे आठवतात. पिशवी आठवत नाही.

३ मार्च
सरकारी शाळांचा निकाल. दोघींनाही घराजवळची शाळा मिळाली, चालत दहा मिनिटं. खाजगीचं उत्तर उद्या द्यायचंय. सोप्या शाळेची वेटिंग लिस्ट हललेली नाही. मुलाने दोन शाळा ठरवल्या आहेत. धाकटीच्या नावाने दर टर्मला काही पैसे वेगळे ठेवणार म्हणतो. मला तो हिशेब फारसा पटलेला नाही. तिला पैसे कशाची भरपाई म्हणून द्यायचे? पण माझं विमान नवव्या तारखेला, घर त्यांचं.

जेवणं झाल्यावर दोघींना बसवलं आणि दोन्ही पत्रं मागितली. थोरलीचं आधी वाचलं, दीड पान, खूप कौतुक. मग धाकटीचं. त्यात कौतुक नव्हतं: नाव, जन्मतारीख, शाळेचं नाव, कधीपर्यंत होकार कळवायचा. ओट्यावर उभं राहिल्यासारखी उभी राहिले आणि तेवढ्याच मोठ्याने वाचलं, पत्त्यासकट.

“एवढंच?” धाकटीने विचारलं.

“एवढंच.”

“परत वाच,” ती म्हणाली.