देवनागरी एकदाच

जयसिंगपूरच्या फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव देवनागरीत दोनदा असतं. एकदा मराठीत, एकदा हिंदीत. फरक असलाच तर ऱ्हस्व-दीर्घाचा. पहिलीत असताना मला वाटायचं, रंगारी विसराळू आहे. मिरज सोडून शेडबाळ आलं की पाटीवर कानडी अक्षरं चढायची आणि देवनागरी एकदाच उरायची. बाबा म्हणायचे, “एक ओळ गेली बघ. आलं कर्नाटक.”

आईच्या लेखी मात्र हद्द मिरजेतच होती. कोल्हापूरहून ब्रॉडगेजनं यायचं, उतरायचं, वळकटी आणि फिरकीचा तांब्या सावरत मीटरगेजच्या गाडीत शिरायचं. नव्वदच्या दशकात पुढचे रूळ रुंद झाले आणि ती हद्द मिटली. १९५६ साली पडलेली अजून आहे. तिचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रकरण तापलं की एसट्या कोगनोळीच्या अलीकडं थांबतात. रेल्वेच्या डब्यात मात्र निपाणीची मावशी आणि गोकाकचे काका एकाच शेंगदाण्याच्या पुडीत हात घालून बसलेले असतात.

कॉलेजात असताना मी हरिप्रिया एक्सप्रेसनं पहिल्यांदा तिरुपतीला गेलो. खिशात बेताचे पैसे, स्लीपरचा साइड अप्पर बर्थ, उशाला सॅक, अंगावर सोलापुरी चादर. वरच्या बर्थवरून स्टेशनची पाटी दिसत नाही, दिसतात फक्त फलाटावरचे पाय. ठरवलं होतं, आंध्रची हद्द जागून बघायची. बल्लारीपर्यंत डोळे ताणले, मग पंख्याच्या घरघरीत कधी डुलकी लागली कळलं नाही. जाग आली, खाली वाकून पाहिलं तर पाटीवर तेलुगू! त्यानंतर चार-पाच खेपा झाल्या. ती हद्द मी अजून पाहिलेली नाही.

हरिप्रिया म्हणजे लक्ष्मी. विष्णूवर रुसून ती करवीरात आली, अशी आमच्याकडची समजूत. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. रुसलेल्या बायकोच्या नावाची गाडी रोज नवऱ्याच्या गावाला जाते, हे नाव ठेवणाऱ्याला सुचलं असेल का, कोण जाणे. आई म्हणते, “ती कुठं जाते? गाडीच जाते.”

गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो. गुडघ्यांमुळं तिला खालचा बर्थ, मला मधला. परतताना दुपारी कुडचीनंतर गाडी कृष्णेच्या पुलावर आली, खडखडाट वाढला. आईनं कनवटीचं नाणं काढून खिडकीच्या गजांतून टाकलं. मी म्हटलं, “आई, अजून कर्नाटकच आहे. शेडबाळ पुढं.”

“असू दे की. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा हिलाच मिळते ना? आपण निघालो तेव्हा हे पाणी घाटावर असंल.”