दर शुक्रवारी मेमरी संपते

'मेमरी संपली' असा एरर आला की आपल्याकडे दोनच उपाय सुचतात. बंद करून चालू करा, नाहीतर मोठं घ्या. भोसरीतल्या एका मित्राच्या कारखान्यात पहिला उपाय महिनाभर चालू होता. दर शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास फायरवॉल 'मेमरी एक्झॉस्टेड' म्हणून कुरकुरायची, ई-वे बिल निघेना आणि भरलेला ट्रक गेटावर उभा. रीस्टार्ट केली की पुढच्या शुक्रवारपर्यंत शांतता. विक्रेत्याने दुसऱ्या उपायाचं कोटेशनही पाठवून दिलं होतं!

गंमत म्हणजे आधीपासून जोडलेली कामं व्यवस्थित चालायची, अडायचं ते नवं कनेक्शन. त्यामुळे अकाउंट्समध्ये बोंब, आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणणार, "माझं तर चालू आहे की!"

फायरवॉलच्या आत लिनक्स होतं. रॅम पाहिली तर निम्मी रिकामी. मग संपलं काय? तर कनेक्शनच्या नोंदींचं टेबल. मर्यादा ६५,५३६. एक नोंद तीनशेएक बाईटची, म्हणजे अख्खं टेबल वीसेक एमबीचं. पण जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद, 'आमचं संपलं' असं कुणी सांगितलं नाही तर, लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे ४,३२,००० सेकंद राहते. चक्क पाच दिवस!

न सांगणारे कोण ते लगेच सापडले. वर्कशॉपमधली वीस हजेरी यंत्रं. दर मिनिटाला नवं कनेक्शन उघडायचं, जुनं बंद करायची पद्धतच नाही. ती ऑफिसातल्या ज्या पीसीशी बोलतात तो सकाळी आठला चालू होतो आणि रात्री आठला वॉचमनकाका थेट भिंतीवरचं बटण दाबतात. म्हणजे तोही निरोप न घेताच जाणार. दिवसाला १४,४०० नोंदी. सोमवारपासून शुक्रवारी अडीचपर्यंत मोजा: ६५,४००. उरलेली जागा बाकीच्या ऑफिसला.

वॉचमनकाकांवर खापर फोडायची तयारी झाली होती. मी म्हटलं, लाईट गेली तरी हेच होणार, त्यांना कशाला धरता?

मुदत ७,४४० सेकंदांवर आणली. हा आकडा मनाचा नाही. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये पत्ते बदलणाऱ्या यंत्रांना किमान दोन तास चार मिनिटांचं बंधन आहे, तेच घेतलं. आता हजेरी यंत्रांच्या नोंदी २,४८० च्या आसपास थांबतात.

कोटेशन परत गेलं. यंत्रं बनवणाऱ्यांना दोन मेल टाकलेत, उत्तर नाही. असो.