खो दे ना बे!

आइस हॉकीत एक गडी सलग जेमतेम 45 सेकंद खेळतो, मग बाकावर. खेळ चालूच, दुसरा आत. वाशिमच्या उन्हात हे कोणाला सांगावं? पण खो-खोत हाच हिशेब आहे, फक्त बाक मैदानातच असतो: आठ जण पाटीवर, एक धावणारा.

धावणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, दिशा धरली की मागे वळताही येत नाही. समोरचा मात्र बसलेल्यांमधून खुशाल आरपार जातो. तो पलीकडे गेला की पलीकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा. शाळेतले पोट्टे हे दोन-तीन सेकंदांत उरकतात.

आम्ही तिशी ओलांडलेले मात्र खो देतच नाही. पुण्याहून सुटीवर आलेला, पोट सुटलेला दोस्त एकटाच खांबापर्यंत फरफटत जातो. पाटीवरून सगळे ओरडतात, "खो दे ना बे!" दम संपला हे चारचौघांत दाखवण्यापेक्षा त्याला छातीतली कळ परवडते, असं मला वाटतं.

आमच्यातल्या एकाची अडतिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परत आला. आता सहा पावलं, की खो. गंमत म्हणजे त्याच्या खोवरच जास्त गडी बाद होतात, कारण उठणारा ताजा असतो.

पळतीला तिघा-तिघांची तुकडी उतरते. त्याला आम्ही शेवटच्या तुकडीत ठेवतो. कधी कधी 9 मिनिटं संपतात आणि त्याची पाळी येतच नाही. मग तो घरी जाईपर्यंत आम्हाला शिव्या घालतो.